मूतखड्याला पॉलिश

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये तीन मौल्यवान वस्तू. काचेचा घोडा, माझा वक्तृत्व स्पर्धेचा कप (नंबर तिसरा, पण उंचीला पहिल्याच्या बरोबरीचा) आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीत, कापसाच्या गादीवर, आजोबांचा मूतखडा. म्हणजे परवापरवापर्यंत होता.

दिसायला तो काही खास नव्हता. हे मी आता त्याच्या माघारी सांगते, कारण आजोबांसमोर असं बोलायची सोय नव्हती. मुगाच्या दाण्यापेक्षा मोठा, वाटाण्यापेक्षा लहान, मातकट, आणि अंगभर काटे. पण त्याच्यामागे गोष्ट होती. ऑपरेशनची तारीख ठरलेली, बॅग भरलेली, आणि आदल्या दुपारी अशी काही कळ आली की आजोबा बाथरूमच्या फरशीवर लोळले. मग खडा आपला आपणच बाहेर आला, टण् असा आवाज करून. गोष्ट इथे आली की आजोबा चमच्याने चहाचा कप वाजवायचे. टण्.

आजोबांचं आयुष्यभर चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायची ती जड फ्रेम एकदा नाकावर चढवली की गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही, त्यामुळे आजोबांना कायम हक्काचे श्रोते मिळत गेले. मग गुडघे दुखायला लागले, दुकान बंद झालं, आणि श्रोतेही गेले. घरात कोण ऐकणार? बाबा फोनमध्ये, आई तिच्या ऑफिसच्या कटकटीत, आजीने तर सगळ्या गोष्टी इतक्या वेळा ऐकलेल्या की आजोबा श्वास घ्यायला थांबले की पुढचं वाक्य तीच बोलायची. अशा दिवसांत हा खडा आला आणि आजोबांना पुन्हा भाव आला. पाहुणे कुठलाही विषय काढोत, आजोबा तो किडनीपर्यंत आणायचेच. रस्त्यावरचे खड्डे, निवडणुका, कुणाचं तरी लग्न. "लग्नावरून आठवलं," म्हणत ते डबी काढायला उठायचे.

"त्यांचं बिस्किट तरी खाऊन होऊ द्या," आजी म्हणायची.

आता माझ्याबद्दल. माझ्या हातात दगड घोळायचं यंत्र आलं ते स्केट्सच्या बदल्यात. वर्गातल्या एका मैत्रिणीला ते वाढदिवसाला मिळालं होतं आणि आठवडाभरात तिला त्याचा वीट आला. मला स्केट्सवर उभंही राहता येत नव्हतं, तेव्हा सौदा दोघींच्या फायद्याचा झाला. यंत्र अगदी साधं. एक छोटी मोटर, तिच्यावर दोन दांडे, त्या दांड्यांवर एक रबरी डबा आडवा पडून फिरत राहतो. डब्यात दगड, थोडं पाणी आणि घासायची भुकटी. आधी जाडी भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. प्रत्येक पायरीला साधारण आठवडा. रात्रंदिवस घर्र घर्र घर्र. बाबांनी ते गॅलरीच्या पार टोकाला ठेवायला लावलं आणि तरीही ते दर सकाळी माझ्याकडे दात दुखत असल्यासारखं बघायचे.

पहिली खेप मी वाया घालवली. डबा धुतला, पण झाकणाच्या खाचेत जाड्या भुकटीचे कण राहिले, आणि पॉलिशच्या वेळी त्यांनी सगळ्या दगडांवर मांजरीने नखं मारावीत तसे ओरखडे काढले. शिवाय डब्यातला गाळ मोरीत ओतायचा नसतो, तो आत जाऊन सिमेंटसारखा बसतो, हे मला मोरी तुंबल्यावर कळलं.

तेव्हा आजोबा यात पडले. चष्म्याच्या काचा पूर्वी ते स्वतः घासायचे.

"भोंग्या, धुतलं म्हणजे काय केलंस?" त्यांनी विचारलं. मी पूर्वी घरात कुणाशी फार बोलायचे नाही. हल्ली बोलते, म्हणून ते मला भोंगा म्हणतात.

"नळाखाली धरलं."

"नळाखाली मीही रोज तोंड धरतो, म्हणून काय मी चकाकतो? ब्रश आण."

मी ताईचा जुना टूथब्रश आणला. तो जुना होता असं निदान मला वाटलं होतं. त्याने आजोबांनी खाचाखाच घासून काढली, डबा उन्हाकडे धरून एक डोळा मिटून बघितला, आणि दुसरी खेप अशी निघाली की काय सांगू. बांधकामाच्या खडीच्या ढिगातून उचललेले दगड, पण ओठांवर फिरवावेत इतके गुळगुळीत. मी ते शाळेत नेले, मधल्या सुट्टीत बाकावर मांडले आणि चक्क वर्गाबाहेर रांग लागली. त्या दिवसापासून मला जगात अशक्य असं काही वाटेना. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

झालं असं की कंपाउंडरचा फोन आला. कंपाउंडर म्हणजे आजोबांचे जुने मित्र. दुकानाशेजारच्या दवाखान्यात औषधं द्यायचे. नंतर ते मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले, त्यामुळे खडा पडल्यापासून त्यांची भेट नव्हती. आणि साऱ्या जगात खड्यावर विश्वास न ठेवणारा हा एकच माणूस. आजोबांनी फोन स्पीकरवर टाकला होता, त्यांना तसंच आवडतं.

"पुढच्या महिन्यात येतोय," कंपाउंडर म्हणाले. "तुझा तो खडा दाखव एकदा."

"फोटो पाठवला होता की."

"फोटोत मिरीसुद्धा डोंगराएवढी दिसते. मी सांगू का तुला काय झालं होतं, चष्म्या? गॅस."

"गॅस काय टण् वाजतो?"

"तुझा वाजत असेल."

फोन ठेवल्यावर आजोबा बराच वेळ शोकेससमोर उभे होते. तेवढ्यात आजी फडकं घेऊन आली. "ते येणार त्या दिवशी ही डबी इथे नको. शोकेसमध्ये शोभेच्या वस्तू ठेवतात. हा शोभतो का?"

"शोभेल," आजोबा म्हणाले आणि त्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं.

मला पुढचं सांगावं लागलं नाही. गॅलरीचं दार लोटून आम्ही बैठक घेतली. खडा घोळायचा, चकचकीत करायचा, कंपाउंडरच्या हातावर ठेवायचा आणि त्याची बोलती बंद. आजीचीही. फक्त एक अडचण होती. मी ज्या बाईंचे व्हिडिओ बघून शिकले त्या दर व्हिडिओत बजावतात की मऊ आणि कठीण दगड एकत्र घालू नका, आधी खिळ्याने ओरखडा काढून बघा.

"आजोबा, एक छोटासा ओरखडा. खालच्या बाजूला."

"माझ्या खड्याला ओरखडा?"

"तो मऊ असला तर?"

आजोबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्याने गप्प बसायचं असतं. "जन्मात मी कुणापुढे लोळलो नाही. या खड्याने मला फरशीवर लोळवलं. आणि तू विचारतेस मऊ आहे का?"

"त्या बाई म्हणतात म्हणून."

"त्या बाईंना मूतखडा झालाय?"

"मला काय माहीत."

"मग त्यांना काय कळतंय."

खरं सांगते, मला हे पटलं. ज्याने इतकं दुखतं तो मऊ कसा असेल? वक्तृत्व स्पर्धेत सुद्धा इतका बिनतोड मुद्दा कुणी मांडला नव्हता. आजोबांनी खडा चिमटीत धरून डब्यात सोडला, बाकीचे दगड त्याच्याभोवती जागा करून रचले, वरून मी जाडी भुकटी आणि पाणी घातलं. झाकण लावताना ते आत वाकून काहीतरी पुटपुटले. काय ते मी विचारलं नाही.

आता रिकामी डबी. आजी रोज शोकेस पुसते, तिला कळता कामा नये. म्हणून मी करपलेल्या टोस्टचा तुकडा कुरतडून कुरतडून बरोब्बर त्या आकाराचा केला आणि कापसावर ठेवला. काटेसुद्धा काढले. दोन हातांवरून कुणाला कळलं नसतं.

आजीला कळलं नाही, पण मुंग्यांना कळलं.

"अहो," आजीची हाक आली, नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर. "इकडे या. तुमच्या खड्याला मुंग्या लागल्यात."

आम्ही दोघं धावलो. भिंतीवरून शिस्तीत एक रांग थेट डबीत चालली होती.

"त्याचं काय," आजोबा म्हणाले, "मुंग्या कुठेही जातात."

"घोड्यावर नाही गेल्या. कपावर नाही गेल्या. तुमच्याच खड्यावर बऱ्या गेल्या." आजीने फडकं खांद्यावर टाकलं. "तुम्हाला साखर झालीय."

"काहीतरीच काय."

"मग मुंग्या का लागल्या? सांगा ना."

आजोबांनी तोंड उघडलं. टोस्ट म्हणावं तर यंत्रातलं बाहेर येणार, न म्हणावं तर साखर. ते माझ्याकडे बघायला लागले, आणि मी, कप मिळवलेली वक्त्री, काचेचा घोडा न्याहाळत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आजोबांचं रक्त तपासलं. खाऊन झाल्यावर पुन्हा तपासलं. रिपोर्ट चांगला आला, तर आजी म्हणाली, मशीन बिघडलं असेल, मुंग्या कशा खोटं बोलतील. तेव्हापासून त्यांचा चहा बिनसाखरेचा, बिस्किटं कुलूपबंद. मी शाळेतून येताना खिशात लिमलेटची एक गोळी आणायचे आणि ती गॅलरीत यंत्राच्या आवाजात कुडुमकुडुम चावून खाताना आजोबा म्हणायचे, "मोठ्या कामाला सोसावं लागतं, भोंग्या."

आठवडा झाला आणि आम्ही डबा उघडला. बादलीवर चाळण, चाळणीत दगड ओतले, वरून मगाने पाणी. राखाडी चिखल वाहून गेला, दगड एकेक करून दिसायला लागले, चांगले गोलाई धरलेले. मी एकेक उचलून वर्तमानपत्रावर ठेवत गेले. चाळण रिकामी झाली.

"डब्यात चिकटला असेल," आजोबा म्हणाले.

डब्यात नव्हता. झाकणाच्या खाचेत नव्हता. मी बादलीतल्या गाळात कोपरापर्यंत हात घातला आणि ढवळला. गाळ नुसता मऊमऊ.

"पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं. मला तेव्हाच कळलं होतं, पण मी आणखी दोनदा बघितलं, कारण आजोबा बघत होते. ते खुर्चीवर बसले. खरं तर मला हसू येत होतं, असं पोटातून उसळणारं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि ते जिरलं.

"मऊ होता," ते हळू आवाजात म्हणाले. कुणाची तरी दगाबाजी कळल्यासारखं.

नेमकी तेव्हाच आजी कपडे वाळत घालायला गॅलरीत आली. माझे चिखलाने माखलेले हात, आजोबांचं तोंड, बादली, सगळ्यावरून तिची नजर फिरली आणि मग तिने एकच प्रश्न विचारला. "मग डबीत काय आहे?"

"टोस्ट," मी म्हणाले.

आजी ओल्या कपड्यांचा पिळा घेऊन तिथेच उंबऱ्यावर बसली आणि हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला. मुंग्या, रक्त, बिनसाखरेचा चहा, तिला एकेक आठवत गेलं आणि ती पुन्हा पुन्हा हसत गेली. तिचं हसणं संपलं तरी आजोबा बादलीकडेच बघत होते. "आता त्याला काय दाखवू?" ते म्हणाले. आजीने पिळा उचलला आणि कपडे झटकायला लागली, पण रोजच्यापेक्षा जरा हळू झटकत होती.

उपाय मला सुचला, आणि मला अजूनही तो वाईट वाटत नाही. त्याच डब्यात एक छोटा तपकिरी दगड होता, साधारण त्याच मापाचा. मी म्हटलं, "आजोबा, आपल्या खड्याचा सगळा भुगा आठवडाभर याच्याच अंगाला लागलाय. म्हणजे थोडाफार तोच झाला ना हा?"

आजोबांनी दगड भिंगाखाली धरला. "थोडाफार," ते म्हणाले. त्यांना पटलं नव्हतं, पण दुसरं होतं काय हातात? आम्ही त्याला बारीक भुकटी दिली, त्याहून बारीक दिली, पॉलिश दिलं, मध्ये प्रत्येक वेळी ब्रशने घासलं (आता ताई ब्रश कपाटात ठेवते). माझ्या सगळ्या दगडांत तो देखणा निघाला. मधासारखा रंग, आरपार उजेड आणि पोटात एक पांढरा पट्टा. आजी सगळं बघत होती. "तुमच्या नाटकात मला ओढू नका," एवढंच ती म्हणाली.

कंपाउंडर आले ते बसायच्या आधीच म्हणाले, "काढ."

आजोबांनी डबी काढली. कंपाउंडर ती घेऊन खिडकीशी गेले, दगड तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला, मग समोरच्या दातावर टकटक वाजवून बघितला.

"हा मूतखडा?"

"पॉलिश केलाय. आमच्या नातीने."

"चष्म्या, हा दगड आहे."

"मूतखडा म्हणजे दगडच की."

"अरे, हा रस्त्यावरचा दगड आहे. दवाखान्यात मी बाटल्या भरभरून खडे पाहिलेत. असे पांढऱ्या पट्ट्याचे खडे माणसाच्या पोटात तयार व्हायला लागले तर लोक खाणी सोडून तुलाच खणायला येतील."

आता बोलायचं काम माझं होतं. मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे काका, मूळ खडा होता, पण यंत्रात तो थोडा झिजला."

"थोडा म्हणजे किती?"

"सगळा."

कंपाउंडर खुर्चीत टेकले आणि मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे खडा नाहीच. मी म्हटलं नव्हतं? गॅस. आणि हा माणूस गावभर काय दाखवत फिरत होता कोण जाणे."

"तसं नाही रे," आजोबा म्हणाले. "ऐक तर. ऑपरेशनची तारीख ठरली होती. आदल्या दुपारी मी बाथरूममध्ये..." त्यांनी सवयीने चमचा उचलला.

"राहू दे, राहू दे. कप फुटेल."

आजोबांनी चमचा बशीत ठेवला, आवाज न करता. इतक्या लोकांनी ती गोष्ट ऐकली होती, आणि आता एका माणसाच्या हसण्याने ती सगळी खोटी ठरत होती. आणि ज्या यंत्रात ती विरघळली ते माझं होतं.

"गॅस नव्हता, भाऊजी."

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पुसत ती आत आली आणि चक्क आजोबांच्या शेजारी बसली. "मी होते तिथे. घरात दुसरं कुणीच नव्हतं."

"वहिनी, तुम्ही त्याची बाजू घेणारच."

"मी? यांची?" आजीने विचारलं. "दार आतून अडलेलं, कारण हे दारालाच टेकून पडलेले. मी ढकलून ढकलून फट केली आणि हात आत घातला. यांनी तो असा धरला की आठवडाभर बांगडी चढत नव्हती. ओरडत नव्हते हो, हळूहळू कण्हत होते. मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं."

आजोबा तिच्याकडे बघत होते. ही बाजू त्यांच्या गोष्टीत कधीच नव्हती. मला वाटतं, त्यांना ती माहीतच नव्हती.

"आणि मला काय म्हणाले सांगू?"

"अगं, कशाला," आजोबा एकदम सावरून बसले. "त्याला गाडी गाठायची असेल."

"मला कसली गाडी. सांगा वहिनी."

"म्हणाले, यातून वाचलो तर उद्यापासून सकाळचा चहा मी करीन. तुला अंथरुणात आणून देईन. जन्मभर. दोनदा म्हणाले. मी म्हटलं, बरं. मग खडा पडला. दोन मिनिटं शांत. मग हे उठले, दार उघडलं, तोंड पुसलं, आणि पहिलं वाक्य काय बोलले? 'चहा टाक.'"

कंपाउंडर इतके हसले की मला पाणी आणायला पळावं लागलं. परत आले तेव्हा ते डोळे पुसत आजोबांच्या गुडघ्यावर थोपटत होते. "मानलं, चष्म्या. खडाच होता. गॅसपायी कुणी जन्मभराचा चहा कबूल करत नाही."

"बघ," आजोबा म्हणाले. त्यांची मान ताठ झाली होती आणि कान लाल. "मी सांगत होतो ना."

"मग आता कबूल केलंय ते?"

"काय?"

"चहा रे. वहिनी, इतके दिवस बोलला नाहीत ते?"

"साक्षीदार नव्हता," आजी म्हणाली आणि तिने पाय वर घेतले.

आजोबा स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ भांड्यांचे आवाज आले, मग दारातून डोकं बाहेर. "पाणी आधी की दूध?" आजीने ते बसल्या जागेवरून सांगितलं, लागलं असतं त्याच्या दुप्पट आवाजात. चहा आला तो नुसता रंगीत पाणी होता. कंपाउंडर दोन कप प्यायले.

आता तो तपकिरी दगड माझ्या कंपासपेटीत आहे, डबी रिकामीच शोकेसमध्ये आहे, आणि गोष्ट पूर्वीपेक्षा लांबली आहे. सुरुवात आजोबा करतात, मुंग्यांचा भाग मी सांगते, शेवट आजी करते आणि तो कुणालाही करू देत नाही. काल गिझर दुरुस्त करायला एक काका आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातला पाना खाली ठेवला आणि आजोबांना म्हणाले, "मग माझ्यासाठी जरा कडक टाका."

आजोबा उठले.